टर्बो मोठा करायच्या आधी चेंबर उघड

प्रश्न थोडक्यात असा: १९८६ ची पोर्शे ९४४ टर्बो घेतली आहे, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेली, रंग-पॉलिश झकास. मालक मॅनहाइमला राहतो, हॉकेनहाइमचा रेसट्रॅक घरापासून अर्ध्या तासावर. उन्हाळ्यात ट्रॅक-डेला जायचं आहे आणि पुढे कधीतरी न्युर्बुर्गरिंगला. ‘काका, ३०० हॉर्सपॉवर हवी. मोठा टर्बो, इंजिनाच्या संगणकाची नवी चिप आणि एक्झॉस्ट एवढ्यात होईल ना? सुरुवात कुठून करू?’

काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो. पुण्यात नाना पेठेच्या एका गॅरेजमध्ये हात काळे करून सुरुवात केली आणि गेली बरीच वर्षं श्टुटगार्टच्या आसपास याच जातीच्या इंजिनांवर काम करतोय. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘होईल’ असंच आहे. ३०० चा आकडा या इंजिनाला जड नाही. पण ते ३०० हॉर्सपॉवर डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, दहा सेकंद हवेत की जुलैच्या दुपारी ट्रॅकवर सलग वीस मिनिटं, ते आधी ठरव. पहिल्याला चिप पुरते. दुसऱ्याला चिप सगळ्यात शेवटी लागते.

गाडी काय आहे ते आधी नीट समजून घे. २४७९ सीसी, चारच सिलिंडर, बोअर १०० मिलिमीटर, म्हणजे एकेक पिस्टन वाटीएवढा. कॉम्प्रेशन ८:१. कारखान्यातून २२० हॉर्सपॉवर आणि ३३० न्यूटन-मीटर, तेही पाऊण बार बूस्टवर, म्हणजे टर्बोने दिलेल्या जादा दाबावर. १९८८ च्या टर्बो एसमध्ये कंपनीने थोडा मोठा टर्बो आणि थोडा जास्त बूस्ट देऊन २५० काढले. आणि एक गोष्ट बघ, १९८६ पासून या गाडीची जी कप शर्यत चालायची, तिच्यासाठी पोर्शेने पॉवरच्या मागे धावण्यापेक्षा वजन, सस्पेन्शन आणि ब्रेक यांवर जास्त हात फिरवला. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनाच ते कुठे दुखतं हे माहीत होतं.

आता पॉलिशबद्दल. चाळीस वर्षांच्या गाडीत ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ हा प्रकार फार. विकणाऱ्याने टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती दिली नसेल तर बदललेला नाही असंच धर. हा बेल्ट तुटला किंवा काही दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग हेड उघडण्यावाचून गत्यंतर नाही. बॅलन्स शाफ्टचा दुसरा बेल्ट असतो, तो, सगळे रोलर आणि वॉटर पंप एकाच वेळी कर. बेल्टचा ताण मोजूनच लाव, बोटाने पीळ देऊन अंदाज घेणारे फिटर मी पाहिलेत आणि त्यांचे वाकलेले व्हॉल्व्हही पाहिलेत. इनटेक मॅनिफोल्डखाली व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं आहे, त्या बिस्किटासारख्या कडक झालेल्या असणार. सगळ्या बदल. डीएमई रिले म्हणून एक छोटी डबी आहे, तिच्या आतलं सोल्डरिंग तडकतं आणि चालती गाडी पेट्रोल पंपासकट गप्प होते. नवा रिले बसव आणि दुसरा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेव. क्लच प्लेटच्या मधोमध रबर असलेली मूळ प्लेट अजून आत असेल तर ती वाढीव टॉर्कला टिकणार नाही, पण तेवढ्यासाठी आत्ताच सगळं उतरवू नकोस. एक्झॉस्टपासून इंजिन आणि मागचा गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क ट्यूबपर्यंत सारं खाली काढावं लागतं, दमछाक करणारं काम आहे. घसरायला लागली की बघू.

मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दाब किती धरतो ते बघणं. यात सिलिंडर एकमेकांपासून फार फटकून असले तर ट्यूनिंगचा विषय तिथेच थांबतो. या ब्लॉकला आत लायनर नाहीत, बोअर थेट सिलिकॉनयुक्त अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आपल्याकडे नेहमी करतात तसं ‘बोअर मारून पिस्टन टाकू’ इथे चालत नाही, पृष्ठभागावर खास प्रक्रिया करावी लागते आणि ती करणारी दुकानं मोजकी.

आता मुद्द्याचं. ऑइल.

ट्रॅकवर ९४४ चं इंजिन मरतं ते बहुधा बूस्टने नाही, तर दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगने. दोनच नंबर का, यावर मेकॅनिकांच्या अड्ड्यावर तासन् तास वाद होतात, क्रँकमधल्या ऑइलच्या वाटेला बहुतेक जण दोष देतात. पण घडतं काय यावर वाद नाही. लांब वळणात चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल एका भिंतीवर चढतं, ओढणारी नळी क्षणभर ऑइलऐवजी हवा आणि फेस ओढते. बेअरिंग हे धातूवर धातू नसतं, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतं. त्या थरात फेस आला की तो दाबला जातो, थर फाटतो. एका वळणात काही होत नाही. पण ऑइल १३० अंशांवर जाऊन पाण्यासारखं पातळ झालंय, इंजिन ६००० वर फिरतंय आणि असं दर फेरीला दोन-तीनदा होतंय, तर बेअरिंगची वरची मऊ धातूची साय निघून जाते आणि पुढच्या शनिवारी ‘टक टक टक’.

आणि यात एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. तू चिकट सेमी-स्लिक टायर लावलेस की गाडी वळणात जास्त जोराने जाते, म्हणजे ऑइल भिंतीवर आणखी वर चढतं आणि जास्त वेळ तिथेच राहतं. टायर सुधारले की ऑइलची अवस्था बिघडते. माझं पहिलं इंजिन असंच गेलं. हॉकेनहाइमलाच, नवे टायर लावून, मित्रांत मिरवत. ऑइल प्रेशरचा काटा वळणात एकदा थरथरला. मी पाहिला. सेन्सर जुना असेल म्हणून सोडून दिलं आणि आणखी चार फेऱ्या मारल्या. संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवताना आवाज आला. रॉड नशिबाने ब्लॉक फोडून बाहेर आला नाही, पण क्रँक कामातून गेला. सेन्सर उत्तम होता.

म्हणून तुझं पहिलं मोठं काम: चेंबर काढ. पुढचा क्रॉसमेंबर उतरवावा लागेल, इंजिनाला वरून आधार देऊन. एक पूर्ण शनिवार-रविवार जातो. चेंबर खाली आलंच आहे तर रॉडच्या चारही बेअरिंग बदल, हे इंजिन गाडीत असताना होतं. रॉडचे नट नवेच वापर आणि काढलेली बेअरिंग फेकू नकोस, ओळीने ठेवून बघ. दोन नंबरच्या वरच्या अर्ध्याचा रंग तांबूस दिसू लागला असेल तर तू वेळेवर पोहोचलास. ऑइल ओढणाऱ्या नळीला कुठे तडा नाही ना ते भिंगाने पाहा, तिचं सील नवं टाक. आणि चेंबरमध्ये बॅफल बसव, म्हणजे ऑइल नळीजवळ कोंडून ठेवणारे पडदे, काहींमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते. इंजिन माउंट बसलेले असतील तर ते बदलायलाही हीच वेळ. त्यांच्यात द्रव भरलेला असतो आणि एक्झॉस्टच्या बाजूचा माउंट उष्णतेने आधी जातो.

ऑइल १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५०, पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला, खाली नाही. दर दोन ट्रॅक-डेनंतर बदल. फिल्टर फेकायच्या आधी कापून, कागद उलगडून उन्हात धर. चकाकणारी पूड दिसली तर पुढची तारीख रद्द. डॅशबोर्डवर ऑइल प्रेशर दिसतं पण ऑइलचं तापमान दिसत नाही, तो मीटर लाव. ११० ते १२० ला निवांत चालव, १३० दिसले की पाय सैल कर. गरम इंजिनात ४००० च्या वर प्रेशर ४ बारच्या खाली यायला लागलं तर फेरी सोडून आत ये. एक मोठा लाल दिवा लावून घे जो प्रेशर पडताच डोळ्यांत घुसेल. वळणात काटा बघायला कोणाला सवड असते?

उष्णतेचं थोडक्यात. पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण तुझ्या गाडीला आहे का? बहुतेकांनी ऑइल बदलताना ते काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं. ते फक्त चिखल अडवत नाही, पुढून आलेली हवा रेडिएटरमधून आणि ऑइल कूलरमधून जावी म्हणून ते आहे. नसेल तर आधी ते शोध, मग महागडा रेडिएटर. कूलंट भरताना पुढचा हवा काढायचा स्क्रू उघडून हवा पूर्ण बाहेर काढ. टर्बोच्या बेअरिंगला पाणी पुरवणारा छोटा इलेक्ट्रिक पंप गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ चालतो. बॉनेट उघडून चावी बंद कर, त्याची घरघर ऐकू आली पाहिजे. तो मुका असेल तर लालबुंद टर्बोत ऑइल जळून कोळसा होतो.

आणि एक, हेडच्या एक्झॉस्ट वाटांना आतून सिरॅमिकचे लायनर आहेत. एक्झॉस्ट गॅस गरम राहून टर्बोला जावा आणि पाण्यात कमी उष्णता उतरावी म्हणून. मिश्रण फार सुकं, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवून एक्झॉस्टचं तापमान चढवत राहिलास तर ते तडकतात आणि त्यांचे तुकडे सरळ टर्बाइनच्या पात्यांवर जातात. म्हणून टर्बोच्या आधी तापमान मोजणारं थर्मोकपल लाव आणि ९०० अंशांच्या वर फार वेळ राहू देऊ नकोस.

आता बूस्ट. तुझ्या टॅकोमीटरमधला बूस्टचा काटा निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे बंद गाडीत १ आणि कंपनीच्या पूर्ण बूस्टला साधारण १.७५. विकणारा ‘दीड बार बूस्ट आहे’ म्हणाला असेल तर तो खरं तर अर्ध्या बारची आजारी गाडी विकत होता.

साधा हिशेब कर. १.७५ वरून २.० ला नेलास तर हवा सुमारे १४ टक्के जास्त. २२० चे २५० होतात. ही झाली कागदावरची गोष्ट, हवेचं तापमान तेच राहिलं तर. पण हवा दाबली की तापते. बाहेर २५ अंश असताना दुप्पट दाबाला टर्बो ७० टक्के कार्यक्षमतेने काम करत असेल तर इंटरकूलरच्या, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, आधी हवा साधारण १२० अंशांवर असते. जुना छोटा टर्बो १.२ बारपर्यंत ताणला, तो आपल्या चांगल्या पट्ट्याच्या बाहेर जाऊन ६० टक्क्यांवर आला, तर हीच हवा १५० वर जाते. इंटरकूलर पहिली फेरी ते सोसतो, चौथ्या फेरीपर्यंत तोच तापून जातो. गरम हवा विरळ असते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, वाढवते. म्हणजे बूस्टचा काटा वर गेला तरी पॉवर तिथेच आणि धोका दुप्पट. तुझ्यासाठी मोठ्या टर्बोचा खरा उपयोग जास्त दाबाचा नाही, तर तेवढाच दाब थंड हवेत मिळण्याचा आहे. टर्बो एसच्या मापाचा के२६/८ किंवा त्याच बॉडीत आजच्या चाकांचा हायब्रिड घे. फार मोठा घेतलास तर ४००० पर्यंत काही नाही आणि मग एकदम धक्का. वळणातून बाहेर पडताना तो धक्का मागच्या चाकांना नको असतो.

पण त्याआधी गळती. सगळ्या पाइपांत एका टोकाने एक बार हवा भर आणि साबणाचं पाणी मार. दोन-तीन ठिकाणी बुडबुडे येणारच. मग वेस्टगेट. वेस्टगेट म्हणजे कुकरची शिट्टी समज, ठरलेल्या दाबाला उचलली जाऊन जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडते. या गाडीतली स्प्रिंग आणि सीट आता थकलेली असते, ती आधीच फुसफुसते, म्हणून ३५०० ला बूस्ट येतो आणि ५५०० ला विरून जातो. लोक याला ‘टर्बो गेला’ समजून नवा टर्बो घेतात. चांगलं वेस्टगेट लावल्यावर जुन्याच टर्बोने वरच्या आरपीएमला दिलेली पॉवर पाहून मी स्वतः एकदा तोंडात बोट घातलं होतं.

चिपबद्दल माझं मत कडवट आहे, ऐकून घे. या गाडीत दोन पेट्या आहेत. एक डीएमई, पेट्रोल आणि इग्निशन बघणारी. दुसरी केएलआर, जी नॉकिंग ऐकते, इग्निशन मागे घेते, भागलं नाही तर बूस्ट उतरवते आणि बूस्ट हाताबाहेर गेला तर पेट्रोल तोडते. जुन्या काळच्या बऱ्याच चिपा करतात काय, तर ही दुसरी पेटी बहिरी करतात. गाडी पळते छान, कारण ओरडणाऱ्याचं तोंड दाबलेलं असतं. वर कोणाच्या तरी गाडीसाठी, कोणत्या तरी पेट्रोलवर, कोणत्या तरी इंजेक्टरला धरून लिहिलेला तो नकाशा तुझ्या इंजिनाला कसा बसेल? एका दुकानाने मला अशीच ‘स्टेज टू’ विकली होती. मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून पाहिलं तर ५००० च्या पुढे मिश्रण सुकत चाललं होतं.

मूळ हवा मोजणारं यंत्रही बघ. इनटेकमध्ये स्प्रिंगवरचा एक पत्रा आहे, हवेच्या झोताने उघडतो. वाढलेल्या बूस्टला तो आधीच पूर्ण उघडून बसतो, पुढे किती हवा आली हे पेटीला कळतच नाही, शिवाय हवेच्या वाटेत तोच आडवा. म्हणून पैसे खर्च करायचेच तर आजची स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) लाव, दाब आणि तापमानावरून हवा मोजणारी, नॉक सेन्सर जोडलेली. त्यात ऑइल प्रेशर आणि तापमानाचं संरक्षणही लिहिता येतं: प्रेशर पडलं की इंजिन आपणच कापलं जाईल. माझ्या पहिल्या क्रँकला हे मिळालं असतं तर तो आजही फिरत असता.

मॅप करणाऱ्याला काय सांगायचं ते लिहून ठेव. पूर्ण बूस्टला लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, ०.७८ ते ०.८२. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे नकोत. पेट्रोल सुपर प्लस म्हणजे ९८ ऑक्टेन धरून मॅप कर आणि ट्रॅकवर १०० चं भर, तो फरक शिलकीत राहू दे, इग्निशन पुढे घेऊन खर्च करू नकोस. इनटेकची हवा ५५-६० अंशांच्या वर गेली की इग्निशन मागे आणि बूस्ट खाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ३५०० ला पूर्ण बूस्ट मागू नकोस. तिथे एकेका स्फोटाला सगळ्यात जास्त वेळ मिळतो, सिलिंडरमधला दाब तिथेच सर्वांत जास्त चढतो, हेड गॅस्केट उडते ती तिथे, ६००० ला नाही. ३५०० ला ०.८, मग हळूहळू चढवत ५००० ला १ बार. डायनोचा टॉर्कचा डोंगर दिसायला भव्य दिसणार नाही, सपाट पठार येईल. असं केलंस तर २७०-२८० मिळतील आणि ते शेवटच्या फेरीतही तेवढेच असतील. हॉकेनहाइमच्या पॅराबोलिकाच्या त्या न संपणाऱ्या डाव्या वळणात पाय दाबून धरताना तुला आकड्यातला २० चा फरक कळणार नाही, काटे जागेवर आहेत हे कळेल. पुढच्या हिवाळ्यात ३०० हवेच असतील तर मोठा इंटरकूलर लावून घेऊ.

ब्रेक. तुझ्या गाडीला पुढेमागे चार पिस्टनचे ब्रेम्बो आहेत, ट्रॅकसाठी उत्तम पाया. कॅलिपरमध्ये पॅड ज्या स्टीलच्या पट्ट्यांवर सरकतात त्यांच्या मागे अ‍ॅल्युमिनियम गंजून फुगतं आणि पॅड अडकतात, त्या काढून साफ कर. ब्रेक फ्लुइड ३०० अंशांच्या वर उकळणारं, ट्रॅक-डेच्या आधी नवं. साध्या डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३०, पाणी शोषल्यावर १५५ एवढाच असतो. १९८६ च्या गाडीत एबीएस नाही हे लक्षात ठेव, चाक जाम झालं तर टायरवर कायमचा चपटा डाग.

सस्पेन्शनमध्ये एकच गोष्ट डोक्यात कोरून ठेव: पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कंट्रोल आर्मचे बॉल जॉइंट. गाडी खूप खाली केली की त्यांचा कोन शेवटाला टेकतो, खिळा वाकतो आणि एके दिवशी तुटतो, चाक आडवं. गाडी दिसायला थोडी उंच राहिली तरी चालेल. पुढे उणे अडीच ते तीन अंश कॅम्बर (चाकाचा आतला कल), त्यासाठी वर कॅम्बर प्लेट, मागे दोनच्या आसपास. चाकं घेताना ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते) बघ, १९८७ पासून एबीएसबरोबर तो बदलला, नंतरच्या मॉडेलची चाकं तुझ्या गाडीला सरळ बसणार नाहीत.

यातलं बरंच काही टीयूव्हीकडे, म्हणजे इथल्या वाहन-तपासणी संस्थेकडे, नोंदवावं लागेल. काम करायच्या आधी तपासनिसाला भेट, नंतर नाही. माणसं खडूस वाटतात, पण आधी विचारलेलं त्यांना आवडतं. न्युर्बुर्गरिंगचं म्हणशील तर सुट्टीच्या दिवशीची ती २०.८ किलोमीटरची फेरी म्हणजे कायद्याने टोल भरून जायचा रस्ता आहे, ट्रॅक-डे नाही. समोर हळू चालणारी गाडी असू शकते, ओव्हरटेक फक्त डावीकडून. ती घाई पुढच्या वर्षावर टाक.

आता पहिला दिवस. मूळ बूस्टवरच जा. नवं बेअरिंग, बॅफल, ताजं ब्रेक फ्लुइड, साधे रस्त्याचे टायर. एक फेरी गरम करायला, चार फेऱ्या जोरात, एक फेरी ब्रेक न लावता थंड करायला. आत आलास की हँडब्रेक ओढू नकोस, गाडी गिअरमध्ये ठेव. बॉनेट उघड आणि कुठे ओलं दिसतंय का बघ. घरी आल्यावर ऑइल काढून एका स्वच्छ डब्यात ठेव.

आणि तो फिल्टर कापून, उलगडून, उन्हात धरून फोटो पाठव. काढलेल्या दोन नंबरच्या बेअरिंगचाही पाठव. ते दोन फोटो पाहिल्यावर कोणता टर्बो घ्यायचा ते सांगतो.